तीन मापांचा एकच फ्रॉक

नाटकात बोलायचं काहीच नव्हतं, म्हणून तो रोल सगळ्यांना हवा होता.

आमच्या मंडळाने त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात तीन अंकी नाटक करायचं ठरवलं होतं. त्यातलं मुख्य पात्र म्हणजे एक लहान मुलगी, जिला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. सबंध नाटकात तिला एक वाक्य नाही. आयर्लंडमध्ये वाढणाऱ्या मराठी पोरांसाठी याहून सोयीचा रोल असूच शकत नव्हता. आमच्या पोरांना मराठी कळतं सगळं, पण उत्तर येतं ते डब्लिनजवळच्या आमच्या ल्यूकनच्या इंग्रजीत. आदल्या वर्षी एका मावळ्याने मुजरा करून महाराजांना जी बातमी दिली ती महाराजांनाही कळली नव्हती. तेव्हा मुकी भूमिका आहे म्हटल्यावर घरोघरच्या आयांचे कान टवकारले.

नाटक आमच्यातल्याच एकाने लिहिलं होतं. सँट्रीला राहायचा, सॉफ्टवेअरमध्ये होता. पुण्याला इंजिनिअरिंग करताना त्याने एकांकिका केल्या होत्या आणि ते खूळ काही डोक्यातून गेलं नव्हतं. वयाने माझ्याएवढाच, पण दिग्दर्शक म्हणून सगळे त्याला सर म्हणायचे, आणि दोन तालमी झाल्यावर तोही स्वतःला सरच समजायला लागला.

गोष्ट साधी होती. घाटावरच्या एका गावात बाई येतात, या मुलीला शिकवायला. घरचे म्हणतात, हिला काय शिकवणार, हिला भिंत आणि माणूस सारखंच. बाई रोज प्रत्येक गोष्टीआधी तिच्या हातात एक वस्तू देतात. जेवायच्या आधी वाटी. अंघोळीच्या आधी पंचा. बाहेर जायच्या आधी चप्पल. पहिल्या अंकात मुलगी ते सगळं भिरकावते. दुसऱ्यात धरून ठेवते. तिसऱ्याच्या शेवटी ती आपणहून चप्पल शोधते आणि बाईंच्या हातात देते, म्हणजे मला बाहेर ने. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाला तरी काहीतरी सांगते. बस, एवढंच नाटक.

माझ्या मुलीला तो रोल मिळाला तो ताटामुळे. सरांनी सगळ्या मुलींना डोळे मिटून बसवलं आणि मागून स्टीलचं ताट जमिनीवर आपटलं. बाकीच्या किंचाळल्या. माझी नऊ वर्षांची कार्टी ढिम्म. सर म्हणाले, "हीच." मला आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. मला कुठलाही आनंद तसाच होतो.

मी नववीत शाळा सोडलेली. आई आजारी पडली, धाकटी भावंडं होती, घरी बसले ते बसलेच. नवरा डिप्लोमा झालेला, लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात शिफ्टमध्ये टेक्निशियन. मंडळात बाकी सगळे इंजिनिअर नाहीतर डॉक्टर. कुणी मला कमी लेखलं असं म्हणणार नाही, उलट फार जपायचे. पण "तुझं शिक्षण काय गं" असं कुणी विचारलं की मी स्वयंपाकघरात चहा बघायला जायचे, मग तो दुसऱ्याच्या घरचा का असेना.

त्यातल्या डॉक्टर ताईंचे तर माझ्यावर उपकारच होते. मुलीच्या शाळेत पहिल्यांदा जायचं तेव्हा मला दरवाजातून आत पाऊल टाकवेना. ताई रात्रपाळी करून आल्या होत्या, तशाच माझ्याबरोबर आल्या आणि मुख्याध्यापिकेशी माझ्या वतीने बोलल्या. पुढे त्यांची दोन मुलं शाळा सुटल्यावर माझ्याकडे यायला लागली, संध्याकाळी त्या न्यायला यायच्या. त्यांनी उपकार कधी बोलून दाखवले नाहीत. बोलून दाखवले असते तर बरं झालं असतं, मला जरा रागवता तरी आलं असतं.

रोल मिळाल्यापासून घरात काय सुरू झालं ते विचारू नका. पोरगी कानात कापूस घालून फिरायला लागली. डोळे उघडे ठेवायचे पण बघायचं नाही, हे तिला सरांनी शिकवलं होतं. समोरच्याच्या कानाच्या जरा बाजूला नजर ठेवायची. सकाळी मी हाका मारतेय, उठ, दूध पी, बस जाईल. उत्तर नाही. खांदा हलवला की हात हवेत चाचपडत पुढे. कप सांडला. मी ओरडले की कापूस काढून शांतपणे म्हणायची, "आय'म प्रॅक्टिसिंग, आई."

एकदा तर बसमध्ये हेच. सिटीत चाललो होतो. चढताना हिने पायरी चाचपली, ड्रायव्हरने घाईघाईने उठून हिचा हात धरून सीटवर बसवलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे असं काही बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नो, नो, ड्रामा," मी म्हटलं. त्या बाई माझा हात थोपटत म्हणाल्या, त्यांच्या बहिणीच्या घरीही असाच ड्रामा असतो, देव बघतो सगळं. मग पर्समधून गोळी काढून हिच्या तळव्यावर ठेवली. हिने न बघता गोळीवर बोटं फिरवली, वास घेतला, तोंडात टाकली. उतरल्यावर मी तिला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तीसुद्धा जरा वरमली. म्हणाली, "पण आई, शी बिलीव्ह्ड मी."

मी चिडले होते हे खरं, पण पोरगी काम चांगलं करत होती हेही दिसत होतं. आणि इथेच गाडं अडलं.

एका रविवारी ताईंच्या घरी मी पोहे करत होते आणि ताई प्रेसमधून बशा काढत होत्या. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो होतो.

"तुला एक सांगू का गं," ताई म्हणाल्या. "थोडी कुरबुर चाललीय. सगळ्या घरांनी वर्गणी दिलीय, सगळ्यांची मुलं स्टेजवर दिसली पाहिजेत असा आपला नियमच आहे ना. आणि हा रोल तर असा की कुणीही करू शकतं."

"हो ना," मी म्हटलं.

"म्हणजे तुझी करतेयच. पण तीन अंक आहेत. तीन मुलींनी केला तर? पहिला तुझ्या लेकीचा, दुसरा खजिनदारांच्या मुलीचा, तिसरा आमच्या बाईसाहेबांचा. सरांशी बोललेय मी. ते म्हणाले, सिम्बॉलिक होईल."

पोहे खाली लागत होते. मी ते हलवले. "चालेल की," मी म्हटलं.

सिम्बॉलिक म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं, अजूनही नक्की माहीत नाही. पण नाटकात सगळा मिळून एका पावसाळ्याचा काळ होता, आणि माझी मुलगी सगळ्यांत बुटकी, ताईंची सगळ्यांत उंच. म्हणजे त्या एका पावसाळ्यात ती पोर हातभर वाढणार होती, मधल्या अंकात गोरी होऊन तिसऱ्यात पुन्हा सावळी होणार होती.

नवरा म्हणाला, "मग नाही म्हणायचं होतंस."

"तू म्हण."

"मी शिफ्टला असतो. मला काय माहीत तुमचं."

"त्यांनी हिच्या शाळेसाठी काय केलं विसरलास?"

"नाही विसरलो. म्हणून तर तुला म्हणायला सांगतोय, तुझं त्या ऐकतील."

हा माणूस मशीनच्या बाबतीत इतका हुशार आणि घरात असा.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "इट्स ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे छान, ठीक, चालेल, आणि काहीही चालणार नाही, सगळंच. मी ते सोयीने छान असं धरलं. पण प्रॅक्टिस काही थांबली नाही. मी स्वयंपाक करत असले की मागून येऊन माझ्या हातात चप्पल द्यायची, पिठाच्या हातात. "अगं, ते तिसऱ्या अंकातलं आहे, तुझं नाही ते," मी म्हणायचे. कानात कापूस.

फ्रॉक मला शिवायचे होते. एकाच मुलीचा एकच फ्रॉक, तीन मापांत. निळं चौकटीचं कापड आणलं ते दोन फ्रॉकांनाच पुरलं. परत दुकानात गेले तर तो तागा संपलेला, मग तिसऱ्याच्या बाह्या दुसऱ्याच निळ्या. शिवता शिवता मला जो संताप यायचा तो सगळा मशीनच्या पायडलवर.

आणि तालमी. ताईंची मुलगी गोड होती, पण तिला हात धरला की गुदगुल्या व्हायच्या आणि ती दर वेळी आईकडे बघायची, बरोबर करतेय ना म्हणून. आंधळी मुलगी आईकडे बघून मान डोलावतेय. खजिनदारांची मुलगी तर आयर्लंडची अस्सल लेक. स्टूलला धडकली की "सॉरी". बाईंना धडकली की "सॉरी". पंचा भिरकावला की "सॉरी".

बाईंचं काम करणारी नागपूरची होती, सॉफ्टवेअरमध्येच, तोंडाने फटकळ. एकदा ती स्टेजवरच मटकन बसली आणि म्हणाली, "सर, मले एक सांगा. मी पहिल्या अंकात जिला शिकवलं ती गेली कुठे? दर अंकाला माझ्याकडे नवी अ‍ॅडमिशन येऊन राहिली. वाटी कोणाले दिली, पंचा कोणाले दिला, काही पत्ता नाही. हिला काही शिकवलंच नाही मी, तर ही मला चप्पल कशाला देईल?"

सगळे हसले. सर म्हणाले, "प्रेक्षक समजून घेतील."

मी कोपऱ्यात सामानाच्या खोक्याजवळ बसले होते. वाटी, पंचा, चप्पल, पाण्याचा हंडा हे सांभाळणं माझं काम. ती बोलली ते माझ्या मनात महिनाभर घोळत होतं, फक्त मला ते शब्दांत आणता येत नव्हतं. शिकणं एकाच माणसाचं असतं. पहिल्या अंकात एकीने धडपडायचं आणि तिसऱ्यात दुसरीने पास व्हायचं, हे कसलं शिकणं. मी शाळा सोडली तेव्हा माझ्या जागेवर दुसरी मुलगी बसली असेल, हजेरीत पट पूर्ण झाला असेल. नाटकातल्या बाई घरापर्यंत जातात, माझ्या घरी कुणी आलं नाही. आता माझी मुलगी शेवटपर्यंत जाऊ शकत होती, आणि तिला मीच 'चालेल' म्हणून मधूनच उठवलं होतं. पण हे बोलायचं कुणासमोर. ताई समोरच बसल्या होत्या, माझ्यासाठी थर्मासमध्ये वेगळा, कमी साखरेचा चहा घेऊन.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता, चर्चच्या हॉलमध्ये. त्या स्टेजला पडदा होता पण तो अर्ध्यावर अडकायचा, म्हणून सरांनी ठरवलं की अंक संपला की दिवे बंद, अंधारात सामान बदलायचं, दिवे चालू. त्या अंधारात एक मुलगी विंगेत यायची आणि दुसरी जायची.

पहिला अंक सुरू झाला आणि मी विंगेत उभी, हातात हंडा. मुलीने वाटी भिरकावली. ती खरंच लांब गेली, पहिल्या रांगेत. कुणी हसलं नाही. तिने बाईंच्या दंडाला कडकडून चावायचं होतं, ती चावली, आणि नागपूरची बाई जी कळवळली ते नाटक नसावं. अंकाच्या शेवटी मुलगी जमिनीवर फतकल मारून बसते आणि बाई तिच्याशेजारी, न बोलता, बसून राहतात. दिवे बंद. टाळ्या.

नागपूरची बाई आत आली. मुलगी आली नाही.

खजिनदारांची मुलगी फ्रॉक घालून माझ्याशेजारी तयार. तिच्यामागे ताईंची, वेगळ्या बाह्यांची. अंधारात माझी कार्टी मधोमध बसलेली, मागच्या दाराच्या हिरव्या दिव्यात नुसता आकार दिसत होता.

"ए, ये की," सर कुजबुजले. मग जरा जोरात. मग त्यांनी दोन्ही हात हलवून खुणा केल्या. न बघणं पाठ झालेल्या पोरीला अंधारात खुणा. मी तिला घरच्या नावाने हाक मारली. ज्या आवाजात मारली त्या आवाजाला ती एरवी दोन जिने उतरून येते. मान सुद्धा हलली नाही. ताट आपटलं होतं तेव्हासारखीच.

"अगं, तिला घेऊन ये ना," ताई माझ्या कानाशी म्हणाल्या. "लोक वाट बघतायत."

हंडा ठेवायला मला स्टेजवर जायचंच होतं. गेले. हंडा ठेवला, तिच्याजवळ वाकले. "ऊठ," मी म्हटलं. "मी आत्ता काही बोलत नाही, घरी गेल्यावर बघते तुला. ऊठ." काही नाही. काय सुचलं कोण जाणे, खोक्यातली चप्पल माझ्या दुसऱ्या हातात होती, ती मी तिच्या हातात दिली. बाहेर चल.

तिने चप्पल चाचपली. अंगठ्याजवळचा पट्टा, टाच, सगळं नीट. मग माझा हात शोधला, चप्पल माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली.

'नाही' असं तिने मला आयुष्यात इतकं स्पष्ट कधी सांगितलं नव्हतं. एरवी ग्रँड म्हणते.

मी विंगेत परत आले.

"काय झालं?" ताई.

"तिला ऐकू येत नाही, ताई," मी म्हटलं.

"अगं, काय बोलतेस. ओढून आण. ही पोर तयार होऊन उभी आहे."

"ती येणार नाही. मीपण आणणार नाही."

माझा आवाज मलाच परका वाटला. ताई माझ्याकडे बघत राहिल्या. खजिनदारांच्या मुलीने मला कोपर लागलं म्हणून "सॉरी" म्हटलं. सरांनी एकदा स्टेजकडे, एकदा आम्हा दोघींकडे बघितलं आणि म्हणाले, "लाइट्स."

दुसरा अंक झाला. त्यानंतरच्या अंधारात कुणी तिला हाकही मारली नाही. ताईंच्या मुलीने विचारलं की आता ती क्रिस्प्स, म्हणजे वेफर्स, खाऊ शकते का, आणि उत्तराची वाट न बघता मागे निघून गेली.

तिसऱ्या अंकाच्या शेवटी काय झालं ते मला इतरांनी सांगितलं. म्हणे हॉलमध्ये कुणी खोकत पण नव्हतं. म्हणे चप्पल हातात आल्यावर नागपूरची बाई संवादच विसरली आणि नुसती बघत राहिली, आणि ते संवादापेक्षा बरं झालं. मी त्या वेळी विंगेतून ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढ्या दिवसांचा जीव अडकलेला, आणि तो क्षण आला तेव्हा मी दुसरीकडेच बघत होते. याचा मला अजून राग येतो.

जेवणाच्या वेळी खजिनदारांची बायको पानात श्रीखंड घेत मला म्हणाली, "छान झालं हं. आमच्या हिने सगळं पाठ केलं होतं." त्यात पाठ करण्यासारखं काय होतं हे मी विचारलं नाही. ताई जेवायला थांबल्या नाहीत. हॉस्पिटलमधून फोन आला असं कुणीतरी म्हणालं.

गाडीत मी मुलीला फैलावर घेतलं. मोठ्या माणसांचं ऐकायचं नसतं का, सगळ्यांसमोर माझी काय शोभा झाली, उद्या ताईंना मी काय तोंड दाखवू. नवरा गाडी चालवत म्हणाला, "मला तर आवडलं." मी त्याच्यावर पण घसरले. मुलगी मागच्या सीटवर फ्रॉकमध्येच झोपून गेली होती. निम्मं मी झोपलेल्या पोरीला बोलले.

रविवारभर फोन वाजला नाही. मी मनात हिशेब मांडत होते: आता मुलं येणार नाहीत, मंडळात कुणी बोलावणार नाही, शाळेत काही अडलं तर माझ्याबरोबर कोण येणार. सोमवारी शाळा सुटल्यावर ताईंची दोन्ही मुलं नेहमीसारखी दारात उभी राहिली तेव्हा मला त्यांना कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. दोघांना मी थालीपीठ दिलं आणि वर लोणी दोनदा दिलं.

संध्याकाळी ताई आल्या. एरवी त्या दारातूनच मुलांना हाक मारतात. त्या दिवशी आत आल्या, कोट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या.

"आमच्या हिला नको होतं गं ते," त्या म्हणाल्या. "काल रात्री सांगितलं तिने मला. ती म्हणे, मम्मा, यू वाँटेड इट. दोन महिने तिला रेटत होते मी."

मी थालीपिठाचा तवा खाली उतरवला.

"आणि तुला पण नको होतं. तीन जणींत वाटणं."

"नव्हतं."

"मग मी विचारलं तेव्हा 'चालेल' असं का म्हणालीस?"

खरं सांगायचं तर त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. पण ते राहू दे. "भीती वाटली," मी म्हटलं.

"कशाची?"

"तुमचीच."

ताई हसायला लागल्या आणि मग मध्येच थांबल्या. त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "मला घाई नाही," त्या म्हणाल्या. "आता काय मनात असेल ते सगळं सांग. चहा पण मीच करते. तू बस."

मी बसले. सुरुवात कुठून करावी ते कळेना, मोठं काहीच आठवेना. मग मी त्यांना सांगितलं की तुमचा मुलगा शाळेतून आल्या आल्या चिखलाच्या बुटांनी माझ्या सोफ्यावर चढतो, रोज, आणि मी दोन वर्षं गप्प आहे.